विश्लेषण : वारा फुकट, मग शिडाच्या नौकेतून जगप्रदक्षिणेचा खर्च कशावर?

भारतीय नौदलाची ‘आयएनएसव्ही तारिणी’ ही शिडाची नौका 10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्याहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 21 मे 2018 रोजी परतली. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौकेवर सहा महिला अधिकारी होत्या. अशा लांब पल्ल्याच्या मोहिमेचे नियोजन कसे होते? खासगी दर्यावर्दीने पैशांचा हिशेब कसा मांडावा?

सुरुवात कुठून?

तारखेपासून. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचे केप हॉर्न तेथील उन्हाळ्यात, म्हणजे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीदरम्यान ओलांडणे त्यातल्या त्यात सुरक्षित. ‘तारिणी’ने ते जानेवारी 2018 मध्ये ओलांडले. शिवाय गोव्यात जूनच्या सुरुवातीला मोसमी पाऊस येतो. त्याआधी परतायला हवे. या दोन तारखा ठरल्या की निघण्याचा महिना आपोआप ठरतो.

मैल मोजायचे की दिवस?

मोहिमेत सुमारे 21,600 सागरी मैल, म्हणजे 40 हजार किलोमीटर अंतर कापले गेले. विषुववृत्ताचा घेर जवळपास तेवढाच आहे. एकूण 254 दिवसांपैकी 199 दिवस नौका समुद्रात होती. सरासरी काढली तर ताशी साडेचार सागरी मैल, म्हणजे जेमतेम आठ किलोमीटर. उरलेले 55 दिवस बंदरांत गेले. दर पाच दिवसांतला एक दिवस धक्क्यावर! बंदराचे शुल्क, दुरुस्ती आणि नवा शिधा हे खर्च तिथेच होतात. त्यामुळे अंदाजपत्रक दिवसांवर बेतावे लागते.

पाणी किती लागते?

न्यूझीलंडमधील लिटलटन ते फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ले हा टप्पा सुमारे 40 दिवसांचा होता. पिण्या-रांधण्यासाठी माणशी रोज तीन लिटर धरले, तर सहा जणांना 720 लिटर पाणी लागते. म्हणजे तेवढेच किलो वजन. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र असले तरी ते विजेवर चालते आणि बंद पडू शकते. म्हणून टाक्यांत राखीव साठा हवाच.

पैशांचे कप्पे कोणते?

• एकदाच : नौका, शिडे, जीवरक्षक तराफा, उपग्रह फोन.
• दरवर्षी : विमा, तळाची सफाई व रंग, दोरखंडांची बदली. नौकेच्या किमतीच्या सुमारे 10 टक्के देखभालीला, असा दर्यावर्दींचा ढोबळ ठोकताळा आहे. नौका 50 लाखांची असेल तर वर्षाला 5 लाख.
• दरमहा : शिधा, डिझेल, बंदर शुल्क, व्हिसा, संपर्काचा खर्च.
• राखीव : याला हात फक्त अडचणीत लावायचा.

राखीव निधी कशाला?

‘तारिणी’चे ठरलेले थांबे चार होते : फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ले आणि केपटाऊन. परतीच्या वाटेवर सुकाणूत बिघाड झाला आणि मॉरिशसच्या पोर्ट लुईला पाचवा थांबा घ्यावा लागला. ‘तारिणी’मागे नौदल उभे होते. खासगी दर्यावर्दीला मात्र विमानाने मागवलेला सुटा भाग, सीमाशुल्क, कारागिराची मजुरी आणि धक्क्याचे वाढीव भाडे हे सगळे स्वतःच्या खिशातून भरावे लागते. पैसे कमी पडले की दुरुस्ती अर्धवट सोडून निघण्याचा मोह होतो आणि तोच जिवावर बेतू शकतो.