मुंबईच्या शाळा – लेखांक ६ : धोबीतलावचे सेंट झेवियर्स हायस्कूल

धोबीतलावच्या चौकात लोकमान्य टिळक मार्गाकडे तोंड करून सेंट झेवियर्स हायस्कूल उभे आहे आणि त्याच्या पाठीला पाठ लावून, महापालिका मार्गावर, त्याच नावाचे कॉलेज आहे. १८६९ मध्ये ही दोन्ही एकाच संस्थेची अंगे म्हणून सुरू झाली. पुढे कॉलेजचा लौकिक इतका वाढला की शाळेचा इतिहास त्याच्या सावलीत राहिला. वास्तविक मुंबईच्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्या पिढ्यांशी अधिक जवळून संबंध आला तो शाळेचा. कॅथलिक मुलग्यांना धर्मात दृढ ठेवून त्यांना मॅट्रिकपर्यंत नेणे, हा या शाळेचा उघड हेतू होता. असे असताना तिच्या बाकांवर पारशी, गुजराती, मराठी आणि मुसलमान मुले एवढ्या संख्येने कशी आली, आणि त्यांच्या येण्याने शाळेचे रूप कसे बदलले, हा या लेखांकाचा विषय आहे.

त्यासाठी प्रथम मुंबईतील कॅथलिक समाजाची एकोणिसाव्या शतकातील अवस्था पाहावी लागते. पोर्तुगीजांनी धर्मप्रसार केलेल्या प्रदेशांत बिशप नेमण्याचा आणि चर्चची व्यवस्था पाहण्याचा अधिकार पोपने पोर्तुगालच्या राजाला दिला होता. या अधिकाराला ‘पाद्रोआदो’ असे म्हणतात. १६२२ मध्ये रोमने मिशनकार्य थेट आपल्या हाती घेण्यासाठी एक स्वतंत्र मंडळ स्थापन केले, ते ‘प्रॉपगंडा’ या नावाने ओळखले जाते. मुंबई इंग्रजांच्या ताब्यात असल्यामुळे येथे पोर्तुगालच्या राजाचा अधिकार मानावा की रोमचा, याचा निकाल लागेना, आणि १७९४ पासून बेटावरील चर्चे दोन अधिकाऱ्यांत विभागली गेली. हा वाद केवळ कागदोपत्री नव्हता. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चचा ताबा जाऊ नये म्हणून प्रॉपगंडाच्या बाजूचे स्विस बिशप अनास्तासियस हार्टमन यांनी स्वतःला चर्चमध्ये कोंडून घेतले होते. एकाच वाडीतील दोन घरे दोन बिशपांना मानत असल्याचे चित्र या शहराने १९२८ च्या करारापर्यंत, म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पाहिले.

मुंबईत १८५० मध्ये कॅथलिक साप्ताहिक सुरू करणारे हार्टमन स्वतः कॅप्युचिन संघाचे होते. परंतु साप्ताहिक काढून आणि चर्च राखून समाज टिकत नाही, त्यासाठी शाळा लागतात, हे त्यांनी ओळखले होते. शाळा चालविण्याचा सर्वांत मोठा अनुभव असलेला संघ म्हणजे जेझुइटांचा. ‘सोसायटी ऑफ जीझस’ हा संघ इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केला, त्याला १५४० मध्ये पोपची मान्यता मिळाली, आणि दोनच वर्षांनी त्याचे एक संस्थापक फ्रान्सिस झेवियर गोव्याला उतरले. ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे होते, त्यामुळे मराठी भाषेशी जेझुइटांचा संबंध मुंबईतील या शाळेपेक्षा अडीच शतकांनी जुना आहे. मात्र १७५९ मध्ये पोर्तुगालने संघाला आपल्या मुलखातून हाकलले, १७७३ मध्ये पोपनेच तो बरखास्त केला, आणि १८१४ मध्ये त्याची पुनःस्थापना झाली. १८५० च्या दशकात मुंबईला आलेले जेझुइट हे या पुनःस्थापित संघाचे होते आणि बहुतांशी जर्मन व स्विस होते. गोव्याच्या जुन्या परंपरेशी त्यांचे नाते केवळ नावापुरते होते.

त्यांनी हाती घेतलेल्या कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. वांद्र्याला सेंट स्टॅनिस्लॉसच्या नावाने १८६३ मध्ये अनाथाश्रम सुरू झाला, माझगावची सेंट मेरीज शाळा १८६४ ची, पुण्याच्या कँपातील सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चे, आणि १८६९ मध्ये बिशप लिओ म्यूरिन यांच्या कारकिर्दीत धोबीतलावची संस्था उभी राहिली. वांद्रे येथील अनाथाश्रमाचा हेतू उघडच परोपकाराचा होता. धोबीतलावचे गणित वेगळे होते, कारण एका बाजूला फोर्टातील कचेऱ्या, दुसऱ्या बाजूला गिरगाव, आणि मधोमध कावेल व सोनापूरची कॅथलिक वस्ती, अशा ठिकाणी उघडलेली शाळा केवळ एका समाजाची राहणे शक्यच नव्हते.

सरकारी धोरणही त्याच दिशेला नेणारे होते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत सुरू केली आणि ते देताना निरीक्षकाने केवळ लौकिक विषयांचे शिक्षण तपासावे, धर्मशिक्षणात लक्ष घालू नये, असे ठरविले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि दोन वर्षांनी पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. ही परीक्षा विद्यापीठाच्या प्रवेशाची असली तरी लोकांनी तिला नोकरीचा दाखला मानले, आणि मॅट्रिकचा निकाल हीच शाळेची किंमत ठरू लागली. उत्तम इंग्रजी शिकविणारी, शिस्तीची आणि कॉलेजला चिकटून असलेली शाळा बिगर-कॅथलिक पालकांना हवीच होती. आणि शाळेलाही त्यांची फी हवी होती, कारण गोव्याहून आलेल्या स्वयंपाक्यांची, वाजंत्र्यांची व खलाशांची मुले पूर्ण फी भरू शकतील, अशी अपेक्षा कोणी करीत नव्हते. धर्मादायाचा खर्च फीमधून भागविण्याची ही रीत मुंबईतील अनेक मिशन शाळांत दिसते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून या शाळांच्या ‘सर्वसमावेशकते’विषयी बोलणे भाबडेपणाचे ठरेल.

पालकांच्या मनात भीती मात्र होती, आणि तिला कारणही होते. १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशन शाळेशी संबंधित दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा शहरात खळबळ उडाली, खटला उभा राहिला आणि पालकांनी आपली मुले त्या शाळेतून भराभर काढून घेतली. तीस वर्षांनी शाळा उघडणाऱ्या जेझुइटांच्या डोळ्यांसमोर हा धडा होता. त्यांनी धर्मशिक्षण कॅथलिक मुलांपुरते ठेवले, आणि इतरांसाठी ‘मॉरल सायन्स’ नावाचा तास रूढ होत गेला.

या तासाची रचना जवळून पाहिली तर अशा शाळांचे सगळे शहाणपण तीत सापडते. घंटा झाली की कॅथलिक मुले आपापल्या वर्गांतून उठून एका खोलीत जमत, तेथे त्यांच्या हाती ‘कॅटेकिझम’ हे पुस्तक असे. धर्मतत्त्वे प्रश्न आणि उत्तर या स्वरूपात मांडलेले हे पुस्तक असून त्यातील उत्तरे शब्दशः पाठ करावी लागत. उरलेली मुले जागेवरच बसत आणि शिक्षक त्यांना खरेपणा, आज्ञाधारकपणा, शेजारधर्म अशा विषयांवर गोष्टी सांगत. या तासाचे गुण वार्षिक निकालात फारसे धरले जात नसल्यामुळे पुष्कळ मुलांनी तो गृहपाठ उरकण्यासाठी वापरला असेल, यात शंका नाही. तरीही आठवड्यातून ठरावीक वेळा वर्ग दुभंगतो आणि पुढल्या घंटेला पुन्हा एक होतो, याची सवय मुलांना लहानपणीच लागे, आणि आपल्यापेक्षा वेगळा धर्म असलेला मुलगा ही त्यांच्या दृष्टीने रोजचीच गोष्ट होई. हा परिणाम संस्थापकांनी योजलेला नव्हता. पण त्यांच्या योजलेल्या परिणामांपेक्षा तोच अधिक टिकाऊ ठरला.

अध्यापनाची पद्धत जेझुइटांनी स्वतःबरोबर आणलेली होती. १५९९ मध्ये संघाने ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ नावाची अभ्यासक्रमसंहिता प्रसिद्ध केली होती. वयोमानाप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांचे वर्ग, रोजच्या पाठाची उजळणी, पाठांतर, वक्तृत्व, नाटक आणि विद्यार्थ्यांमध्ये चढाओढ लावणे, ही तिची सूत्रे. मुंबईच्या मॅट्रिक अभ्यासक्रमाने या संहितेला जागा थोडीच ठेवली. तथापि बक्षीससमारंभ, एलोक्यूशनच्या स्पर्धा, रंगमंचावरचे इंग्रजी नाटक, आणि मुलांचे ‘हाउस’मध्ये गट पाडून वर्षभर त्यांच्यात गुणांची शर्यत लावणे, या रूपांत तिचा अंश उरला. हाउसची पद्धत इंग्लंडच्या निवासी शाळांतून आलेली असली तरी चढाओढीच्या जुन्या तत्त्वाशी तिचा मेळ सहज बसला.

कारभाराची उतरंडही ठरलेली असे. संस्थेतील जेझुइट निवासाचा प्रमुख तो रेक्टर, शाळेचा प्रमुख तो प्रिन्सिपल, आणि शिस्त व वेळापत्रक पाहणारा तो प्रिफेक्ट. मुले मात्र पांढऱ्या झग्यातील प्रत्येकाला नुसते ‘फादर’ म्हणत आणि बाकीच्यांना ‘सर’. विद्यार्थ्याच्या दप्तरात ‘कॅलेंडर’ असे. हे भिंतीवर लावायचे कॅलेंडर नव्हे; शाळेचे नियम, सुट्ट्यांची यादी, प्रार्थना आणि शेवटी ‘रिमार्क’ची कोरी पाने असलेली ही छोटी वही. उशिरा आलेल्या मुलाच्या वहीत त्या पानावर तारीख पडे, घरून वडिलांची सही आणावी लागे, आणि ठरावीक सह्या जमल्या की प्रिफेक्टसमोर उभे राहावे लागे. छडीचा वापर त्या काळच्या सर्वच शाळांत होता आणि मिशन शाळा त्याला अपवाद नव्हत्या; शारीरिक शिक्षेवर देशभर कायदेशीर बंदी आली ती २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने.

कॅथलिक मुलांसाठी शाळेत आणखी एक जग होते. ‘सोडॅलिटी’ हे मरियेच्या भक्तीला वाहिलेले विद्यार्थ्यांचे मंडळ जेझुइटांनी रोममध्ये १५६३ मध्ये सुरू केले होते, आणि प्रार्थनेबरोबर गरिबांच्या वस्तीत काम करणे हा त्याचा भाग असे. ‘रिट्रीट’ म्हणजे इग्नेशियस यांच्या आत्मिक साधनेवर आधारलेले काही दिवसांचे मौनचिंतन. दहा-बारा वर्षांच्या मुलाकडून मौनाची अपेक्षा करणे हा जेझुइटांच्या आशावादाचाच एक नमुना म्हणावा लागेल. ३१ जुलैला इग्नेशियस यांचा आणि ३ डिसेंबरला फ्रान्सिस झेवियर यांचा सण येई. मुली या साऱ्या व्यवस्थेत नव्हत्या. त्यांच्यासाठी नन्सची कॉन्व्हेंटे होती, आणि १९२९ मध्ये पोप अकरावे पायस यांनी सहशिक्षणाला स्पष्ट विरोध केल्यामुळे ही विभागणी पुढेही दीर्घकाळ टिकली.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन असणे हाच गुन्हा ठरला. हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांसाठीची मुख्य नजरकैद छावणी अहमदनगरला होती. मुंबईच्या जर्मन जेझुइटांना कामावरून दूर करून पुढे मायदेशी पाठविण्यात आले. स्विस असल्यामुळे मागे राहिलेल्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एडवर्ड ब्लाटर होते. १९१९ मध्ये आल्बन गुडियर हे इंग्रज जेझुइट आर्चबिशप झाले, आणि मिशनची जबाबदारी स्पेनमधील जेझुइटांकडे गेली. इतिहाससंशोधक फादर हेरास १९२२ मध्ये आले ते याच ओघात. साठ वर्षे जर्मन वळणाने चाललेल्या संस्थांचा कारभार काही वर्षांत स्पॅनिश माणसांकडे गेला आणि तरी मॅट्रिकचे वर्ग थांबले नाहीत, याचे श्रेय बाहेरून आलेल्या फादरांइतकेच पगारी स्थानिक शिक्षकांना दिले पाहिजे. संस्थांचे इतिहास लिहिताना त्यांची नावे सहसा परिशिष्टात जातात.

शाळेचे नाव वर्तमानपत्रांत आले ते बहुधा क्रिकेटमुळे. आझाद मैदान आणि क्रॉस मैदान चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने शाळेला स्वतःच्या मोठ्या मैदानाची उणीव भासली नाही. सोळा वर्षांखालील मुलांची हॅरिस शील्ड आणि चौदा वर्षांखालील मुलांची गाइल्स शील्ड या आंतरशालेय स्पर्धा म्हणजे मुंबई क्रिकेटची पहिली पायरी, आणि याच शाळेच्या सुनील गावसकरला १९६६ मध्ये देशातील सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू म्हणून गौरविले गेले. फेब्रुवारी १९८८ मधील हॅरिस शील्डचा उपांत्य सामना मात्र शाळेला दुसऱ्या कारणासाठी चिकटून राहिला. आझाद मैदानावर शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागी केली, सचिन नाबाद ३२६ आणि कांबळी नाबाद ३४९, डाव २ बाद ७४८ वर सोडला गेला. आणि हे सारे ज्यांच्या गोलंदाजीवर घडले तो संघ सेंट झेवियर्सचा होता. कांबळीने नंतर गोलंदाजी करून ३७ धावांत ६ बळीही घेतले. त्या सामन्यात मार खाणाऱ्यांत साईराज बहुतुले होता, जो पुढे भारताकडून कसोटी खेळला.

स्वातंत्र्यानंतर या शाळांपुढचा प्रश्न भाषेचा होता. १९४८ च्या कायद्याने मुंबई प्रांतात एस.एस.सी. बोर्ड स्थापन झाले आणि मॅट्रिक विद्यापीठाच्या हातून गेली. जानेवारी १९५४ मध्ये मुंबई सरकारने आदेश काढला की अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक सोडून इतर मुलांना इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत नव्याने प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या चालकांनी त्याला आव्हान दिले, आणि उच्च न्यायालयाने व त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरविला. बार्न्स ही प्रोटेस्टंट संस्था होती. पण हा आदेश टिकला असता तर धोबीतलावच्या वर्गांतील बहुसंख्य बाके काही वर्षांत रिकामी झाली असती.

मराठीला या शाळांत जागा मिळाली ती दुसऱ्या भाषेची. संयुक्त महाराष्ट्रानंतर तिचे महत्त्व वाढले, परंतु ‘लोअर मराठी’ हा सोपा अभ्यासक्रम घेऊन परीक्षा पार पाडणे हीच अनेक मुलांची मजल राहिली, आणि त्यांत ज्यांची घरची भाषा मराठी होती अशी गिरगावातली मुलेही होती. वसईपासून वांद्र्यापर्यंतच्या ईस्ट इंडियन समाजाची, म्हणजे १८८७ मध्ये हे नाव घेणाऱ्या स्थानिक कॅथलिकांची, बोली तर मराठीच. त्यांच्या मुलांनाही शाळेने ती दुसऱ्या भाषेपलीकडे शिकविली नाही. ज्या संघातील एका फादरने सतराव्या शतकाच्या आरंभी मराठीत पुराण रचले, त्याच संघाच्या मुंबईतील शाळांनी मराठीला इतके कमी द्यावे, ही या संस्थांच्या हिशेबातील खरी तूट आहे आणि ती शिस्तीच्या किंवा निकालांच्या जमेने भरून निघत नाही.

पुढील लेखांकात वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉसचा, आणि तेथे अनाथाश्रमातून हायस्कूल कसे घडले याचा विचार केला जाईल.