कात्री, विडीकामाची

विडीसाठी टेंभुर्णीची (तेंदूची) पाने ठराविक मापात कातरण्याचे हातहत्यार. एका खिळ्याभोवती फिरणारी दोन पाती व त्यांना जोडलेल्या बोटे घालावयाच्या दोन कड्या, अशी तिची रचना सर्वसाधारण कात्रीसारखीच असते; तथापि काम, वापराचे प्रमाण व ओलसर पानांशी सतत येणारा संबंध यांमुळे तिची निवड आणि निगा हा स्वतंत्र विचाराचा विषय ठरतो. महाराष्ट्रात सोलापूर, सिन्नर, संगमनेर, गोंदिया इ. ठिकाणी विडीचा धंदा वाढला. त्यांपैकी सोलापुरात तो मुख्यतः घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांच्या हातांवर उभा राहिला. तेलंगणातून येऊन येथे स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकर समाजात पुरुष मागावर आणि स्त्रिया विडीवर, अशी कामाची वाटणी अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. शहरातील तीन भाषांत या हत्याराची नावेही एकमेकांच्या नात्यातली आहेत : मराठी कात्री, कन्नड कत्तरी व तेलुगू कत्तेर यांचा संबंध संस्कृत ‘कर्तरी’शी आहे. हिंदी-उर्दूतील ‘कैंची’ हा शब्द मात्र मूळचा तुर्की होय.

विडीकामात पाने प्रथम भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. पान नरम झाले, की देठ काढून त्यावर पत्र्याचा आयताकृती साचा ठेवतात, डाव्या अंगठ्याने तो दाबून धरतात व त्याच्या कडेने पान कातरतात. जाड शिरा नंतर सुरीने तासतात. तंबाखू भरणे, वळणे, तोंड मुडपणे आणि दोरा बांधणे या पुढच्या क्रिया जितक्या कौशल्याच्या, तितकीच ही पहिली क्रियाही आहे. पण पाहणाऱ्याचे लक्ष वळण्याकडे जाते आणि कातरणे दुय्यम समजले जाते. वस्तुतः एका तुकड्यास तीन-चार वेळा कात्री चालवावी लागते, म्हणजे हजार विड्यांसाठी तीन ते चार हजार वेळा पाती उघडतात व मिटतात. मजुरीचे माप हजार विड्या हेच असते.

पाने व तंबाखू कारखान्याकडून मिळतात, कात्री मात्र बहुधा कामगार स्त्रीची स्वतःची असते. तिच्या बोथटपणाची किंमतही तिलाच मोजावी लागते. पाने वजनावर दिली जातात आणि तेवढ्या पानांत ठरलेल्या संख्येइतक्या विड्या भरून द्याव्या लागतात. धार गेलेल्या कात्रीत पान कापले न जाता दोन पात्यांमध्ये दुमडते, साच्याखालून सरकते किंवा शिरेच्या बाजूने फाटते. असा तुकडा वाया गेला, तर मोठ्या पानातून निघू शकणारा दुसरा तुकडाही अनेकदा हातचा जातो. वाकड्या कडेच्या तुकड्याची विडी तपासणीत ‘छाट’ म्हणून बाजूला पडते. तूट आली, की बाजारातून पाने विकत घेऊन ती भरून काढावी लागते. मजुरी कमी पडण्यामागे तंबाखू, पानांची प्रत, दर अशी अनेक कारणे असतात, पण स्त्रीच्या स्वतःच्या आवाक्यात असलेले कारण म्हणजे कात्री.

कात्री कशी कापते : कात्रीची धार चाकूच्या धारेइतकी तीक्ष्ण नसते, तशी ती असण्याची गरजही नसते. दोन पाती एकमेकांजवळून सरकताना त्यांच्यामध्ये सापडलेला पदार्थ कर्तनाने तुटतो. त्यासाठी दोन्ही पाती किंचित बाक देऊन घडविलेली व आतील बाजूस थोडी पोकळ घासलेली असतात. यामुळे ती कोणत्याही क्षणी फक्त एकाच बिंदूत एकमेकींना टेकतात, आणि कात्री मिटत जाईल तसा हा बिंदू खिळ्याकडून टोकाकडे सरकत जातो. मिटलेली कात्री उजेडासमोर धरल्यास खिळा व टोक यांच्या दरम्यान बारीक फट दिसते. नवख्या गिऱ्हाइकाला ही फट दोष वाटते; उलट ती नसेल, तर ती कात्री घेऊ नये. खिळा सैल झाला, की हा एकमेव स्पर्शबिंदूच नाहीसा होतो. त्यामुळे ‘धार गेली’ अशी तक्रार असलेल्या कित्येक कात्र्यांची धार शाबूत असते आणि दोष खिळ्यात असतो.

निवड : पाते साच्याच्या लांब बाजूपेक्षा थोडे अधिक लांब असावे, म्हणजे ती बाजू एकाच दमात कातरली जाते, दोन दमांत कातरलेल्या कडेला मध्येच पायरी पडते. यापेक्षा फार लांब पाते हाताला जड होते. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतील कापड बेतण्याची मोठी कात्री किंवा टॉवेलांचे सुटे दोरे कापण्याची स्प्रिंगची छोटी कात्री, या दोन्ही सोलापुरात सहज मिळत असल्या तरी पानांसाठी निरुपयोगी होत. दातेरी पात्यांची कात्री निसरडा पदार्थ पकडून ठेवते, पण पानाची कड करवतल्यासारखी करते. प्लॅस्टिकच्या मुठीची स्वस्त निर्गंज कात्री गंजत नाही हे खरे. मात्र तिचे पोलाद बहुधा मऊ असते व खिळा लवकर खुळखुळू लागतो.

कार्बनी पोलादाची, पुन्हा पुन्हा धार लावता येण्याजोगी कात्री या कामास अधिक सोईची. अशा कात्र्यांसाठी उत्तर प्रदेशातील मेरठ शहर प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर मोटारगाड्यांच्या कमानींसारखे भंगारातील पोलाद वापरून कात्र्या घडवितात. मेरठच्या कात्रीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुकानात कात्री पारखताना कागद कापून पाहण्याची प्रथा आहे, पण कोरडा कागद जवळजवळ कोणतीही कात्री कापते. ओल्या पातळ फडक्याचा तुकडा पात्याच्या अगदी टोकाने कापून पाहावा. टोकाशी फडके दुमडले, तर ओले पानही दुमडणार. दुसरी कसोटी खिळ्याची. एक कडी हातात धरून दुसरी उघडून सोडली, तर ती आपल्या वजनाने थोडी खाली येऊन अडली पाहिजे. धाडकन मिटणारी कात्री सैल आणि जागची न हलणारी कात्री हाताला त्रासदायक. आवळता येणारा स्क्रू असल्यास उत्तम. ठोकून बसविलेला खिळा सैल झाल्यास कारागिराकडेच जावे लागते.

निगा : टेंभुर्णीच्या पानांत टॅनिन असते. पाण्याच्या सान्निध्यात टॅनिनाची लोहाशी विक्रिया होऊन निळसर काळे संयुग बनते. पात्यांवर व बोटांवर पडणारे काळे डाग त्याचेच. डागांनी फारसे बिघडत नाही, परंतु त्याबरोबर राहणारा ओलावा धारेला गंजवितो. म्हणून काम संपताच पाती कोरड्या फडक्याने, खिळ्याकडून टोकाकडे, पुसावीत. कात्री पानांच्या ओल्या गोणपाटात खोचून ठेवण्याची सवय तिचे आयुष्य सर्वांत अधिक घटविते. तंबाखूची भुकटी व पानांचा चिकट अंश खिळ्याभोवती साचतो. तो काडीने काढून तेथे तेलाचा एकच थेंब सोडावा. तेल शिवणयंत्राचे असावे. सोलापूरच्या घरात करडईचे तेल हाताशी असते, पण ते हवेत सुकून चिकट पापुद्रा धरणारे तेल आहे (रंगलेपांत ते याच गुणामुळे वापरतात) आणि काही दिवसांत खिळा आखडतो. गोडेतेलही पुढे चिकट होतेच.

पानांच्या कात्रीने तार, पत्रा वा तंबाखूच्या पुड्याची पट्टी कापू नये. धारेला पडलेला एक खाचा प्रत्येक पानाच्या कडेवर उमटतो. पाश्चात्त्य देशांत गळासाठी पिसे व दोरा बांधून कृत्रिम माश्या तयार करणारे हौशी लोकही याच कारणासाठी तार कापावयास एक जुनी कात्री निराळी ठेवतात.

धार लावताना फक्त बाहेरची उतरती कड घासावयाची असते. आतील बाजू घासली, की पोकळी व बाक दोन्ही नष्ट होतात व कात्री कायमची बिघडते. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या सहाणेचे चाक कोरडे व वेगाने फिरत असल्यास धार तापते. कडेवर निळी छटा दिसली, तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. मूळ उतार कायम ठेवून, थांबत थांबत व पाण्याचा हात देत लावलेली धार अधिक टिकते. घासल्यावर कडेला राहिलेली धातूची बारीक किनार पाती दोन-चार वेळा सावकाश मिटली म्हणजे निघून जाते.

कात्रीचा परिणाम हातावरही होतो. पातळ लोखंडी कडी अंगठ्याच्या मुळाशी रुतून घट्टे पडतात. घट्ट खिळ्याची कात्री दिवसभर चालविल्यास मनगट व अंगठा दुखू लागतात. यावर सुती चिंधी कडीभोवती घट्ट गुंडाळणे हा सोपा उपाय होय, मात्र ती चिंधी ओली झाल्यावर बदलावी. डावखुऱ्या स्त्रियांची अडचण वेगळी आहे. नेहमीची कात्री उजव्या हाताच्या दाबाने पाती एकमेकींवर टेकतील अशी घडविलेली असते. डाव्या हातात तीच पाती फाकतात आणि कापण्याची रेषाही पात्याआड जाते. डावखुऱ्यांसाठी उलट घडणीची कात्री असते, पण स्थानिक बाजारात ती क्वचितच आढळते व बहुतेक जणी उजव्या हाताने कातरावयास शिकतात. उजेडाचाही प्रश्न आहे. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेल्या व २००६ मध्ये हस्तांतरित झालेल्या १०,००० घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत अंगणात बसून कातरणे शक्य झाले. जुन्या वस्त्यांतील एकखणी घरांत दाराचा उंबरठा हीच कातरण्याची जागा असे. वर्षानुवर्षे घासून पाती अरुंद झालेली कात्री सहसा टाकून देत नाहीत. ती पानांवरून उतरते आणि दोरा कापण्यासाठी सुपात राहते.