वाघाचा ताळेबंद

दिवाळीच्या सुटीत दांडेलीच्या व्याघ्र प्रकल्पात जाऊन आलो हे कळल्यावर वर्गातल्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, "वाघ दिसला का?" नाही म्हटल्यावर लगेच, "मग पैसे वाया गेले की रे!" वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी असे म्हणावे हे साहजिकच आहे. पैसे मोजले, माल मिळाला नाही, म्हणजे तोटा. जीपमधून उतरताना मीही थोडा हिरमुसलोच होतो. पण वाघ का दिसला नाही याचा हिशेब मांडून पाहिला, तेव्हा तो मला कॉस्टिंगच्या पेपरपेक्षा बरा समजला. मात्र त्यात एक रक्कम अशी निघाली की ती जमेला धरावी की नावे टाकावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

हे जंगल आपल्या बेळगावपासून फार लांब नाही. दांडेलीचे अभयारण्य १९५६ सालचे, अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचे नाव देण्यात आले. क्षेत्रफळ सुमारे १३०० चौरस किलोमीटर. आपल्या खानापूर तालुक्यातले भीमगड आणि गोव्यातली मोले व म्हादईची जंगले याच पट्ट्यात येतात. रामनगरला माझी मावशी असते, म्हणून मुक्काम तिच्याकडे केला आणि पहाटेची सफारी पणसोलीहून घेतली.

जीपमध्ये आम्ही सहाजण होतो. ड्रायव्हर मोजके बोलणारा, तेही कन्नडमध्ये. पहिला अर्धा तास नुसते धुके आणि बांबूची बेटे. मग धनेश पक्ष्यांची एक जोडी डोक्यावरून गेली. या पक्ष्याच्या पंखांचा आवाज इतका मोठा असतो की मला आधी दुरून इंजिन येते आहे असे वाटले. कन्नडमध्ये याला मंगट्टे म्हणतात. पुढे एक गवा रस्त्यात उभा होता, त्याने आम्हाला पाच मिनिटे थांबवून ठेवले. त्यानंतर उजवीकडच्या ओढ्यातून सांबराचा ठणठणीत आवाज आला आणि ड्रायव्हरने गाडी बंद केली. चितळे उगाचही ओरडतात, पण सांबर सहसा खोटे बोलत नाही, असे त्याचे म्हणणे. वीस मिनिटे आम्ही श्वास रोखून बसलो. काहीच झाले नाही. निघताना त्याने मातीकडे बोट दाखवले, "हेज्जे नोडी." ओल्या मातीत वाघाचे पाऊल स्पष्ट उमटले होते, रुंद आणि गोलसर. ड्रायव्हर म्हणाला, नर आहे, मादीचे थोडे लांबट असते. एवढाच आमचा वाघ.

आता हिशेब. पूर्ण वाढलेला वाघ साधारण आठवड्याला एक मोठे जनावर मारतो. म्हणजे वर्षाला पन्नास. जंगलात चरणाऱ्या प्राण्यांपैकी वर्षाकाठी दहा टक्क्यांच्या आसपास वाघाच्या वाट्याला येतात, असे अभ्यासकांनी काढले आहे. तेव्हा एका वाघामागे पाचशेच्या आसपास चितळ, सांबर, गवे असे प्राणी कायम हजर असावे लागतात. पाचशे हे मुद्दल, पन्नास हे व्याज. वाघ व्याजावर जगणारा प्राणी आहे. मुद्दल शाबूत असेल तर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, आणि माणसाने बंदुकीने किंवा फासे लावून मुद्दलालाच हात घातला तर वाघाला कुणी गोळी न घालताही तो संपतो.

मुद्दल जिथे भरघोस आहे त्या नागरहोळेच्या जंगलात एका वाघिणीला पंधरा-वीस चौरस किलोमीटर पुरतात. रशियाच्या पूर्व टोकाला, जिथे भक्ष्य फार विरळ आहे, तिथे तिला चारशेच्या आसपास लागतात. काळीचे जंगल दिसायला हिरवेगार, पण हरणाच्या दृष्टीने गरीब. सदाहरित रानात पाने उंचावर असतात आणि खाली सावलीत गवत उगवत नाही. डोळ्यांना जे वैभव वाटते ते चितळाच्या तोंडाला पोहोचत नाही. म्हणून इथे वाघ कमी, ते लांबवर फिरणारे, आणि झाडी अशी दाट की दहा हातांवर बसला असला तरी आपल्याला पत्ता लागणार नाही. ज्याला वाघ पाहण्याचीच हौस आहे त्याने ताडोबाला किंवा काबिनीला जावे हे उत्तम.

मग न दिसणारे वाघ मोजतात कसे? पूर्वी पावलांचे ठसे घेऊन मोजत. १९७३ साली नऊ जंगलांत व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यानंतर कित्येक वर्षे हीच पद्धत होती. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात उघड झाले की कागदोपत्री वाघ आहेत आणि जंगलात एकही उरलेला नाही. पुस्तकी शिल्लक आणि गोदामातला माल यांचा मेळ नसणे म्हणजे काय, हे याहून चांगल्या उदाहरणाने शिकवता येणार नाही! आता वाटेवर दोन्ही बाजूंना आपोआप चालणारे कॅमेरे लावतात. प्रत्येक वाघाचे पट्टे आपल्या सहीसारखे वेगळे असतात, त्यामुळे एकच वाघ दोनदा मोजला जात नाही. ही पद्धत आपल्याकडे रुजवली ती कर्नाटकच्याच उल्हास कारंत यांनी. कन्नड विभागाच्या वाचकांना सांगायला नको, हे शिवराम कारंतांचे चिरंजीव. २०२२ च्या गणनेत देशातल्या वाघांचा अंदाज ३६८२ आला, त्यांपैकी ५६३ कर्नाटकात.

मुद्दल अपुरे पडले की वाघ गोठ्याकडे वळतो. जानेवारी २०२० मध्ये म्हादईच्या रानात चार वाघ विषबाधेने मेले. त्याआधी तिथे गुरे मारली गेली होती.

तेव्हा मुद्दल वाढवायचे, म्हणजे गवत वाढवायचे. ते कुठे वाढेल? जिथे आधीच झाडी तोडून उघडी जमीन केली आहे तिथे, म्हणजे जंगलातल्या गावांच्या भातशेतीत. भद्रा अभयारण्यातली गावे २००२ च्या सुमारास बाहेर वसवल्यावर त्या शेतांत जनावरे चरू लागली. काळीतही गावे हलवण्याची योजना आहे. सरकारी दर कुटुंबामागे १५ लाख रुपये, अठरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा वेगळे कुटुंब धरून. कायद्याप्रमाणे हे ज्याच्या त्याच्या राजीखुशीने व्हायला हवे.

हा सगळा हिशेब मी त्या रात्री मावशीच्या सासऱ्यांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला. ते मूळचे सुप्याचे. काळीवर धरण झाले, सुपे पाण्याखाली गेले आणि तिथली माणसे रामनगरला आली, त्यांतले ते एक. जमिनीचे पैसे घर बांधण्यात संपले, शेत काही पुन्हा झाले नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पंधरा लाखांचं व्याज काढ बघू."

सात टक्क्यांनी वर्षाला १,०५,००० रुपये, महिन्याला ८,७५०. मी आकडा सांगितला.

"त्यात भात धरलंस?"

"आजोबा, भाताच्या बदल्यातच तर ते पैसे."

"आणि फणस? कंद? जळण? दोन म्हशी रानात चरायच्या, तो चारा?"

यांपैकी काहीच मी धरले नव्हते. मावशीने वहीचा कागद दिला आणि आम्ही दोघे एकेक वस्तू लिहून तिचा बाजारभाव मांडू लागलो. आजोबांना जुने माप आठवत होते, मला आजचे दर. जेवायची हाक आली तेव्हा आम्ही जळणापर्यंत पोचलो होतो आणि ८,७५० मागे पडले होते. कागद माझ्याकडे आहे. म्हशींचा चारा अजून मांडायचा राहिला आहे.