चाकोरीतून खर्ड्याला

मोहरीच्या घाटाच्या माथ्यावर उतरलो आणि सायकलीच्या दोन्ही चाकांतली हवा थोडी थोडी सोडायला लागलो. खाली खर्डा गाव. किल्ल्याआधी दिसते ती ध्वजाची काठी. २०२१ च्या दसऱ्याला उभारलेल्या त्या भगव्या ध्वजाची उंची ७४ मीटर आहे, त्यामुळे किल्ला मागाहून शोधावा लागतो. मेंढरं घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला.

“पाव्हणं, पंचर झाली व्हय?”

“नाही. मीच हवा काढतोय.”

“आन् ती कशापायी?”

सुट्या मुरमावर टम्म फुगलेलं चाक उड्या मारतं, जरा मऊ केलं की दगड धरून चालतं, असं मी सांगितलं. त्यानं स्वतःच्या पायातल्या टायरच्या वहाणांकडे पाहिलं. “म्हंजी वहाणंवानीच. नवी करकरीत घसरतीच की,” म्हणाला आणि पुढे गेला.

या प्रकाराला हल्ली ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणतात. डांबरी रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीसारखंच वाकडं हँडल, पण टायर रुंद, साधारण ४० मिलिमीटरचं. डांबर सोडून कच्च्या रस्त्यांनी लांबवर जायचं. परदेशी खूळ म्हणून मीही नाक मुरडलं होतं. मग एकदा जामखेडच्या बाजारात दुधाचे कॅन लावलेली २८ इंची जुनी सायकल उभी होती, तिच्या टायरवरचे आकडे वाचले : २८ गुणिले दीड. दीड इंच म्हणजे जेमतेम ४० मिलिमीटर. दूधवाले आणि पोस्टमन या मुलखात तीन पिढ्या ग्रॅव्हल सायकलिंग करत आले आहेत. त्यांच्याकडे हेल्मेट नव्हतं, एवढंच.

या खेळाचा उगम दोन ठिकाणी सांगतात आणि दोन्ही खर्ड्याच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहेत. इटलीत तोस्कानाच्या द्राक्षमळ्यांतून पांढऱ्या मातीचे रस्ते जातात. ते एकामागून एक डांबराखाली जायला लागले तेव्हा जान्कार्लो ब्रोची नावाच्या गृहस्थाने १९९७ साली गायोले गावात ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू केली. पहिल्या वर्षी ९२ जण आले. रस्ते वाचवायचे तर त्यांवर माणसं दिसली पाहिजेत, असा त्याचा हिशेब होता. दुसरं ठिकाण अमेरिकेतल्या कॅन्सास राज्याचं. तिथे एम्पोरिया गावात २००६ साली ३४ स्वारांनी दोनशे मैलांची शर्यत केली; आज ‘अनबाउंड’ या नावाने तिथे हजारो येतात. यूसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेने पहिलं ग्रॅव्हल विश्वविजेतेपद भरवलं ते २०२२ मध्ये, पुन्हा इटलीतच. पण कॅन्सासचं खरं महत्त्व निराळं आहे. तिथल्या ‘फ्लिंट हिल्स’ टेकड्यांवर माती इतकी पातळ आणि गारगोटी इतकी वर, की नांगर चालेना. आसपासचं गवताळ रान मक्या-गव्हाखाली गेलं, हे तेवढं राहिलं. गवतही राहिलं आणि खडीचे रस्तेही.

आपल्याकडे याच गोष्टीला माळ म्हणतात.

घाट उतरताना एका वळणावर रस्त्याची कड खणलेली आहे. तिथे थांबून बघावं. वर वीतभर काळी-तांबूस माती, तिच्यात कुसळी गवताची मुळं. खाली हातभर पिवळसर मुरूम, बोटाने उकरला तर सुटतो. त्याखाली कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत जाणारे गोल दगड, आणि तळाला काळा फत्तर. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा खडक उन्हापावसाने कुजत कुजत मुरूम होतो आणि मुरूम कुजून माती. उतारावरची माती पाऊस धुऊन नेतो, ती खाली सीनेच्या खोऱ्यात काळी जमीन होऊन बसते. वर राहतो मुरूम. चाकाखाली तो वाजतो तेव्हा कळतं की आपण जमीन तयार होण्याच्या मधल्या टप्प्यावरून चाललो आहोत.

असल्या रस्त्यावर सायकल चालवायची पहिली अट म्हणजे चाकोरी सोडायची नाही. मराठीत ‘चाकोरीबाहेर’ जाण्याचं फार कौतुक आहे. बहुधा ते कौतुक बैलगाडी हाकणाऱ्याने केलेलं नसावं. चाकोरीत मुरूम दाबून बसलेला असतो, मधल्या पट्ट्यावर गवत आणि सुटे दगड. बाहेर गेलात की चाक सरकतं. आणखीही एक कारण मला त्या दिवशी मिळालं. पुढे वीस-पंचवीस हातांवर एक धाविक पळत होता. हा टिटवीच्या जातकुळीतला, विटकरी छातीचा पक्षी. चार पावलं पळतो, एकदम थांबतो, पुन्हा पळतो. मोटारसायकल असती तर उडाला असता. सायकलीला त्याने रस्ताभर सोबत केली. धाविक उघड्या मुरमावर अंडी घालतो, अंड्यांचा रंग मुरमाचाच. मार्चपासून पुढे त्यांचा विणीचा हंगाम. म्हणजे माळावर ‘मोकळीच तर जागा आहे’ म्हणून आडवी-तिडवी सायकल घालणाऱ्याच्या चाकाखाली काय येईल ते त्याला कळणारही नाही.

‘मोकळीच तर जागा आहे’ हे वाक्य या माळांना फार महागात पडलेलं आहे. महसुली दप्तरात माळ म्हणजे पडीक किंवा गायरान. वनखात्याला तिथे झाडं लावावीशी वाटतात, ऊर्जाखात्याला सौरपट्टे. शेजारी बीड-धाराशिवच्या पठारांवर पवनचक्क्या आल्याच आहेत. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, सोलापूरपासून आपल्या कर्जत-श्रीगोंद्यापर्यंत. पुढे ते बाराशेच्या आसपास आणलं. गावंच्या गावं अभयारण्यात टाकणं चूकच होतं, पण काटछाट करूनही माळढोक काही वाचला नाही. कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांसाठी राखलेली जागा तर अवघी २.१७ चौरस किलोमीटर आहे. बाकी लांडगा, खोकड, चंडोल हे सगळे ‘पडीक’ जमिनीचे रहिवासी.

घाट आपण उतरतो ते दोन खोऱ्यांमधला उंबरठा ओलांडून. मागे बालाघाटाच्या पठारावर, पाटोदा तालुक्यात, मांजरा उगम पावते. तिचं पाणी गोदावरीला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतं. घाटाखालचं पाणी सीनेतून भीमेला आणि कृष्णेला. नकाशात ही रेष दिसत नाही. मांड्यांना मात्र कळते.

हैदराबादच्या निजाम अलीच्या फौजेलाही ती कळली. १७९५ च्या मार्चमध्ये तो बिदरकडून मांजरेच्या काठाकाठाने आला आणि मोहरीचा घाट उतरून खर्ड्याच्या रानात आला. पठारावर नदी सोबतीला होती. खाली ऐन उन्हाळ्याच्या तोंडावरचे ओढे. समोर नाना फडणवीसांनी जमवलेली सगळी मराठी दौलत : परशुरामभाऊ पटवर्धन सेनापती, दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले, आणि विशीतला पेशवा सवाई माधवराव. दोन्ही फौजा लाखाच्या घरातल्या. ११ मार्चला निजामाची फौज खर्ड्याहून परंड्याच्या वाटेला लागलेली असताना गाठ पडली. पाहणी करायला पुढे गेलेले परशुरामभाऊ सुरुवातीलाच जखमी झाले. तरी दिवसभराच्या लढाईत निकाल लागला नव्हता. रेमंड या फ्रेंच सरदाराच्या पलटणी नीट लढत होत्या. निकाल लावला तो रात्रीने. जनाना घाबरला, निजामाने माघारीचा हुकूम दिला, अंधारात फौजेचा गोंधळ उडाला आणि निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला.

किल्ला आजही सुस्थितीत आहे. घडीव दगडाचा, चौकोनी, २५-३० फुटी भिंतींचा. बांधला होता निंबाळकरांनी १७४० च्या दशकात, आणि हे निंबाळकर निजामाचेच सरदार. लढाऊ माणसाने ही जागा निवडली असेल यावर विश्वास बसत नाही, कारण किल्ला सखलात आहे आणि भोवताली उंचवटे. सायकलीवरून येताना हे जितकं जाणवतं तितकं मोटारीतून जाणवत नाही : शेवटचा सगळा रस्ता पेडल न मारता येतो. जी जागा तुम्हाला फुकट खाली आणते, ती तोफेच्या गोळ्यालाही फुकटच आणते. आत विहीर चांगली आहे, पण ती गढीपुरती; फौजेपुरती नव्हे. बाहेर मराठ्यांचा वेढा, आत माणसं-जनावरं तहानलेली. थोड्याच दिवसांत तह झाला. दौलताबादच्या किल्ल्यासह मुलूख गेला, तीन कोटींची खंडणी कबूल झाली आणि दिवाण मुशिरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन झाला. त्याच ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून वारले आणि सगळे सरदार पुन्हा एका झेंड्याखाली आले नाहीत.

इतिहासाच्या पुस्तकात ‘खर्डा ते परंडा’ एवढेच शब्द आहेत. त्याच वाटेने पैठणहून एकनाथांची पालखी दर आषाढीला जाते : पाटोदा, दिघोळ, खर्डा, दांडेगाव, अनाळे, परंडा. फौज आणि दिंडी एकाच वाटेने जातात यात नवल नाही. दोघांनाही उतार सोसवेल असा आणि मुक्कामाला पाणी लागतं. आता हा पालखी मार्ग मोठा महामार्ग झाला आहे. काँक्रीट तापतं, म्हणून वारकरी जमेल तिथे कडेच्या मुरमावरून चालतात.

इथे आम्हा हौशी मंडळींनी तोंड सांभाळलं पाहिजे. मुरमाचा रस्ता आम्हाला गोड लागतो, कारण संध्याकाळी आम्ही घरी जातो. अडलेल्या बाईला जीपमध्ये घालून पावसाळ्यात त्यावरून नेणाऱ्याला विचारा. या भागातल्या म्हाताऱ्या अजून “बहात्तरला खडी फोडायला होते” असं वय सांगतात तशा सांगतात. १९७२ च्या त्या दुष्काळात हातांनी फोडलेल्या खडीचे रस्ते आणि पाझर तलाव अजून वापरात आहेत. आणि ज्या पातळ मातीने गवत राखलं तिनेच माणसं बाहेर काढली. दसरा झाला की कोयते घेऊन ट्रक-ट्रॅक्टर ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात. मार्चमध्ये वाडीत कुलपं, दोन म्हातारी माणसं आणि एखादं शाळेतलं पोर. एका वाडीत पाणी मागायला थांबलो तर आजीने आधी “कारखान्याकडनं आला का?” विचारलं. नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. तरी रांजणातलं पाणी तिने दिलं, तांब्याभर. बाटल्या भरायला मागायची आमची छाती झाली नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की गावाचा मुख्य रस्ता पक्का व्हावा, पण पाणंद बुजू नये. पाणंदी डांबराखाली जात नाहीत, त्या शेतांत जातात. दरवर्षी बांध हातभर सरकतो आणि दहा वर्षांत गाडीवाट पायवाट होते. कायद्याने हे होऊ नये. गाव नकाशात तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट रुंद धरतात, एकेरी तुटक रेषेची पायवाट सव्वाआठ फूट. अडवलेला रस्ता मोकळा करण्याचा अधिकार तहसीलदारांना १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने दिलेला आहे. २०२१ साली आलेल्या मातोश्री पाणंद योजनेत रोजगार हमीतून मुरूम टाकायची सोयही झाली. तरी भांडण नको म्हणून कुणी अर्ज करत नाही. ब्रोचीचा हिशेब इथेही लागू आहे. ज्या वाटेने आठवड्याला दहा माणसं जातात ती नांगरायला माणूस जरा कचरतो.

दिवाळीला गावी जाल तेव्हा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावचा नकाशा काढून घ्या. तुटक दुहेरी रेषा शोधा, आणि घरातली असेल ती सायकल काढून त्या रेषेवरून एकदा शेवटपर्यंत जा. जिथे बांध आडवा येईल ती जागा नकाशावर पेन्सिलीने टिपून ठेवा. दिवाळीत गवत पिवळं पडू लागलेलं असतं, कुसळं मोज्यात शिरतात. मोजे उंच घाला. आणि खर्ड्याकडे आलात तर पाणी माणशी तीन लिटर आणा. आम्ही दोन आणलं होतं, ते किल्ल्याच्या दारापर्यंतसुद्धा पुरलं नाही.