बोलायच्या आधीच मरणारा कर्नल

मशीन सुरू होतं, बायॉसची ओळ उमटते, डिस्कवरून बूट होत असल्याचं कळतं आणि स्क्रीन काळी होते. क्षणभराने तीच बायॉसची ओळ पुन्हा उमटते, आणि मग हे चक्र चालूच राहतं. एररचा संदेश नाही, लॉग नाही, कुठली ओळ चुकली याचा पत्ता नाही. कर्नल लिहायला नव्याने बसलेल्या प्रत्येकाला हे दृश्य कधी ना कधी दिसतंच. बहुतेकजण मग कोडमध्ये जागोजागी छापण्याच्या ओळी घालत सुटतात. त्यात वेळ जातो. अशा वेळी आधी आकडे वाचावेत, कोड नंतर. मेमरीची चूक झाली की प्रोसेसर दोन-तीन आकडे मागे ठेवतो आणि निम्मं निदान त्यांतच असतं. अडचण एवढीच की सुरुवातीच्या टप्प्यात ते आकडे वाचून दाखवणारं यंत्रच अजून उभं राहिलेलं नसतं.

हातात कोणता कर्नल घ्यायचा

उदाहरणासाठी एक्सव्ही६ घेऊ. एमआयटीत २००६ साली शिकवण्यासाठी लिहिलेला, युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या वळणाचा हा छोटा कर्नल. आयआयटी मुंबईच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमातही तो वापरला गेला आहे. एमआयटीने पुढे तो रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर नेला, पण इथे जुनी, ३२ बिटांच्या इंटेल प्रोसेसरची आवृत्ती जास्त उपयोगी. कारण तिच्यात सुरुवातीची प्रत्येक पायरी उघडी दिसते. पुढचे मेमरीचे सगळे पत्ते सोळाच्या पायातले आहेत.

बूटलोडर हा कर्नल फिजिकल मेमरीत १००००० वर, म्हणजे १ एमबीच्या खुणेवर ठेवतो, कारण त्याच्या खालचा पट्टा डिस्प्ले आणि बायॉस यांनी अडवलेला असतो. कर्नल लिंक मात्र केलेला असतो ८०१००००० या व्हर्च्युअल पत्त्याला धरून. मधला फरक ८००००००० इतका. हा फरक पेज टेबलने भरून काढायचा असतो. ते टेबल लागण्याच्या आधीचं जग, तात्पुरतं टेबल असतानाचं जग आणि खरं टेबल लागल्यावरचं जग, अशी तीन वेगळी जगं काही शे ओळींच्या अंतरात येऊन जातात. बूटच्या वेळच्या मेमरीच्या चुका बहुतेक या जगांच्या सीमेवर होतात.

तात्पुरतं टेबल फार काटकसरी आहे. त्यात दोनच नोंदी: व्हर्च्युअल शून्यापासून ४ एमबी, आणि ८००००००० पासून ४ एमबी. दोन्ही त्याच फिजिकल ४ एमबीकडे बोट दाखवतात. पहिली नोंद कशाला, असा प्रश्न पडतो. पेजिंग चालू करणारी सूचना चालते तेव्हा प्रोसेसर अजून खालच्याच पत्त्यावर असतो. ती नोंद काढली तर पेजिंग चालू झाल्यावरची पुढची सूचनाच वाचता येणार नाही.

फॉल्ट म्हणजे नेमकं काय

ज्या पत्त्याला टेबलात जागा नाही, किंवा जिथे लिहायची परवानगी नाही, तिथे हात घातला की इंटेलचा प्रोसेसर चौदाव्या क्रमांकाचा अपवाद, म्हणजे पेज फॉल्ट उठवतो. चुकलेला पत्ता तो सीआर२ या रजिस्टरमध्ये टाकतो. सोबत एरर कोड देतो. त्यातला पहिला बिट सांगतो की पान होतं पण परवानगी नव्हती, दुसरा सांगतो की लिहायचा प्रयत्न होता, तिसरा सांगतो की वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमने तो केला. कर्नलच्या सुरुवातीला तिसऱ्याचा प्रश्न येत नाही. म्हणजे शून्य आला तर नसलेल्या पानावरून वाचन, २ आला तर नसलेल्या पानावर लेखन, ३ आला तर असलेल्या पण फक्त वाचनासाठी ठेवलेल्या पानावर लेखन.

मग प्रोसेसर अपवादांच्या टेबलात, म्हणजे आयडीटीत, चौदावी नोंद शोधतो. तीच नीट नसेल तर आठव्या क्रमांकाचा डबल फॉल्ट. त्याचीही नोंद नीट नसेल तर ट्रिपल फॉल्ट. तिथे प्रोसेसर हात टेकतो आणि पीसीचा बोर्ड त्याला रीसेट करतो. (८०२८६ प्रोसेसरवर प्रोटेक्टेड मोडमधून रिअल मोडमध्ये परतायची सोयच नव्हती, तेव्हा काही सिस्टिम्स मुद्दाम ट्रिपल फॉल्ट घडवून परत येत. आपल्याला तो शाप वाटतो, कुणाच्या कामाचा होता.)

एक्सव्ही६ आयडीटीची मांडणी मध्यावर कुठेतरी करतो आणि ती प्रोसेसरला दाखवतो अगदी शेवटी, शेड्यूलर सुरू व्हायच्या तोंडावर. त्यामुळे त्याच्या आधीचा प्रत्येक पेज फॉल्ट थेट रीसेटमध्येच संपतो.

शेवटचा सीआर२ फसवतो

हा मुद्दा पुस्तकांत सहसा सापडत नाही, म्हणून जरा थांबून पाहू. आयडीटी दाखवलेली नसते तेव्हा प्रोसेसरकडे बायॉसने ठेवलेला जुना पत्ताच असतो: टेबल शून्यावर आहे. खरं पेज टेबल लागलं की खालची नोंद जाते आणि शून्य हा पत्ताच नाहीसा होतो. आता समजा कुठेतरी पेज फॉल्ट झाला. सीआर२ मध्ये खरा पत्ता आला. प्रोसेसर चौदावी नोंद वाचायला गेला. एक नोंद ८ बाइटची, म्हणजे ती ७० वर. तिथे पान नाही, म्हणून आणखी एक पेज फॉल्ट, आणि सीआर२ मध्ये आता ७०. हा डबल फॉल्ट ठरला, म्हणून प्रोसेसर आठवी नोंद वाचायला ४० वर गेला. तिथेही पान नाही. सीआर२ मध्ये ४०, आणि ट्रिपल फॉल्ट. घराला आग लागली आणि बंबाचा नंबर घरातल्याच कपाटात, तसा हा प्रकार.

रीसेटच्या क्षणी रजिस्टर पाहणाऱ्याला सीआर२ मध्ये ४० दिसतं आणि तो नल पॉइंटर शोधत बसतो. नल पॉइंटर तिथे नसतोच. साखळीतला पहिला फॉल्ट काय होता, तेवढंच महत्त्वाचं. ४० किंवा ७० दिसलं की एवढंच समजावं: खरं पेज टेबल लागलेलं होतं, आयडीटी नव्हती.

साक्षीदार बाहेरून आणा

कर्नल स्वतः बोलू शकत नाही, तेव्हा त्याला पाहणारं कुणी बाहेर हवं. क्यू-ईमू हे एम्युलेटर त्यासाठी उत्तम. त्याला प्रत्येक अपवाद लॉग करायला सांगता येतं, रीसेट झाल्यावर पुन्हा बूट न होता थांबायला सांगता येतं आणि लॉग वेगळ्या फाइलमध्ये टाकता येतो. एक अट: केव्हीएम बंद हवं. सूचना खऱ्या प्रोसेसरवर चालू लागल्या की क्यू-ईमूला हे अपवाद दिसतच नाहीत आणि फाइल रिकामी राहते.

लॉग बायॉसच्या गोंगाटाने भरलेला असतो. शेवटाकडून वर जावं, ट्रिपल फॉल्टची ओळ गाठावी, तिच्या आधीचा डबल फॉल्ट, आणि त्याच्या आधीची ज्यात जुना अपवाद कुठलाच नाही अशी नोंद. ती पहिली. तिच्यातले तीन आकडे कागदावर उतरवावेत: ईआयपी, म्हणजे कुठली सूचना चालली होती, एरर कोड आणि सीआर२.

ईआयपीवरून कोडची ओळ काढायला एक्सव्ही६मध्ये वेगळं हत्यार लागत नाही. बिल्ड होतानाच असेंब्ली आणि सी शेजारी शेजारी असलेली फाइल तयार होते, तिच्यात पत्ता शोधला की झालं. त्यापुढे जायचं तर जीडीबी हा डीबगर जोडावा. तिथे एक खाच आहे: पेजिंग सुरू व्हायच्या आधी कर्नल खालच्या पत्त्यावर चालतो आणि चिन्हं वरच्या पत्त्यांची असतात. म्हणून अगदी पहिल्या सूचनेवर ब्रेकपॉइंट नावाने न लावता फिजिकल पत्त्याने लावावा.

८०४०००००

समजा लॉगमधली पहिली नोंद म्हणते: एरर कोड २, सीआर२ ८०४०००००, ईआयपी मेमसेटमध्ये. मेमसेटमध्ये चूक नाही. ते सांगितलेलं काम करतं. ८०४००००० मधून ८००००००० वजा केले की उरतात ४०००००, म्हणजे बरोबर ४ एमबी. इतका गोल आकडा योगायोगाने येत नाही. कुणीतरी तात्पुरत्या टेबलाच्या कुंपणापलीकडच्या पहिल्याच बाइटवर लिहिलं.

एक्सव्ही६ मोकळी मेमरी दोन टप्प्यांत जमा करतो. पहिला टप्पा कर्नलच्या शेवटापासून ४ एमबीपर्यंत, दुसरा खरं टेबल लागल्यावर, ४ एमबीपासून वर. पान मोकळं करणारं केफ्री हे फंक्शन प्रत्येक पान आधी १ या बाइटने भरतं. हे दोन टप्पे विनाकारण वाटून कुणी पहिल्यातच सगळी मेमरी मोकळी करायला घेतली, तर पानांमागून पानं सुखरूप भरली जातात आणि ८०४००००० वर कर्नल पडतो. कॉल स्टॅकमध्ये मेमसेटच्या वर केफ्री आणि त्याच्या वर पहिला टप्पा दिसेल. पण आकडा ओळखला तर स्टॅक उघडायचीही गरज नाही.

खालच्या पत्त्यावर चाललेला मेन

दुसरं उदाहरण जास्त कपटी. पेजिंग चालू केल्यावर असेंब्ली कोड मेन या फंक्शनचा पत्ता आधी रजिस्टरमध्ये घेतो आणि मग रजिस्टरमार्फत उडी मारतो. दोन ओळींचं काम एका ओळीत करावं म्हणून थेट उडी लिहिली, तर असेंबलर ती सापेक्ष करतो: इथून इतके बाइट पुढे. आपण खाली असतो, म्हणून खालच्याच मेनमध्ये पोचतो.

आणि काही बिघडत नाही! तात्पुरत्या टेबलात खालची नोंद आहे, डेटाचे पत्ते वरचे आहेत, फंक्शनचे कॉल सापेक्ष असल्यामुळे तेही खालीच चालतात. मेमरी जमा करण्याचा पहिला टप्पाही पार पडतो. मग खरं पेज टेबल लागतं, खालची नोंद जाते आणि पुढची सूचना वाचतानाच पेज फॉल्ट येतो. लॉगमध्ये एरर कोड शून्य, आणि सीआर२ व ईआयपी दोन्ही सारखे, ००१० ने सुरू होणारे. संशय साहजिकच नव्या टेबलावर जातो आणि लोक ते टेबल नोंद न नोंद तपासतात. टेबल निर्दोष असतं. सीआर२ आणि ईआयपी एकच असतील तर चूक डेटाची नसते, प्रोसेसर जिथे असायला नको तिथून चालत होता. तो तिथे कधीपासून आहे, हे शोधायचं.

आणखी काही ओळखीचे आकडे

०१०१०१०१ किंवा त्याच्या आसपासचा पत्ता म्हणजे केफ्रीने भरलेले १ कुणीतरी पॉइंटर समजून वाचले, म्हणजेच मोकळं केलेलं पान वापरलं. एरर कोड ३ आणि सीआर२ कर्नलच्या कोडच्या पट्ट्यात असेल तर स्ट्रिंग लिटरलवर लिहायचा प्रयत्न झालेला असतो. हीच ओळ तात्पुरतं टेबल असताना चालली असती तर लेखन गुपचूप झालं असतं, कारण त्या टेबलात सगळंच लिहिण्याजोगं आहे. म्हणून 'कालपर्यंत चालत होतं' या वाक्याला बूटच्या कोडमध्ये फार किंमत देऊ नये.

फॉल्टच येत नाही तेव्हा

खरी डोकेदुखी ही. तात्पुरत्या टेबलात शून्य हा पत्ता वैध असतो, त्यामुळे नल पॉइंटरवरून वाचलं की बायॉसच्या टेबलातले बाइट निमूट हातात येतात. पुढे एखादी प्रक्रिया चालू असतानाही तेच, कारण या एक्सव्ही६मध्ये वापरकर्त्याचा प्रोग्रॅम शून्यापासूनच बसवलेला असतो.

मशीनला दिलेली मेमरी कमी असेल तर आणखी वेगळी गंमत. हा कर्नल बायॉसला मेमरी किती आहे ते विचारत नाही. २२४ एमबी आहेतच असं धरून चालतो. एम्युलेटरला १२८ एमबीच दिल्या तरी पेज टेबलात नोंदी वरपर्यंत असतात, म्हणून फॉल्ट नाही. नसलेल्या मेमरीत लिहिलेलं मात्र कुठेच राहत नाही. मोकळ्या पानांची यादी त्या पानांतच गुंफलेली, आणि शेवटी जमा झालेलं पान यादीत सगळ्यांत पुढे. म्हणजे दुसऱ्या टप्प्यानंतरची पहिलीच मागणी नसलेल्या मेमरीतून भागवली जाते. लक्षण दिसतं पहिली प्रक्रिया उभी करताना, मेमरी जमा करणाऱ्या कोडपासून बरंच दूर.

स्टॅकचंही तसंच. सुरुवातीचा स्टॅक ४०९६ बाइटचा, आणि त्याच्या खाली राखणीचं पान नाही. मोठा ॲरे स्थानिक म्हणून घोषित केला की शेजारचे ग्लोबल व्हेरिएबल पुसले जातात. अशा वेळी जीडीबीत बिघडलेल्या व्हेरिएबलवर वॉचपॉइंट लावावा, लिहिणारा हात सापडतो. आणि स्वतः बूटलोडर लिहिला असेल तर बीएसएसचा, म्हणजे सुरुवातीची किंमत न दिलेल्या ग्लोबल व्हेरिएबलांचा भाग शून्य करायला विसरू नये. क्यू-ईमूची मेमरी मुळात शून्यांनी भरलेली असते, म्हणून तिथे हा विसर कधीच उघडा पडत नाही. खऱ्या बोर्डवर पडतो.

लिनक्सने काय केलं

लिनक्सचा ६४ बिटांचा कर्नल अपवादांचं तात्पुरतं टेबल जवळजवळ पहिल्या सी फंक्शनमध्येच लावतो, आणि त्या काळातला पेज फॉल्ट हँडलर हव्या त्या पानाची नोंद तिथल्या तिथे तयारही करून देतो. बूट होताना छापलेलं लवकर दिसावं म्हणून सीरियल पोर्टवर अर्लीप्रिंटके चालू करता येतं. पत्ते चिन्हांशी जुळवायचे असतील तर केएएसएलआर बंद करूनच जीडीबी जोडावा, नाहीतर कर्नल दर बूटला वेगळ्या जागी बसतो.

एक्सव्ही६च्या ०१०१०१०१ सारखी युक्ती इथेही आहे, पण तिचा रंग वेगळा. यादीतून काढलेल्या घटकाच्या पॉइंटरमध्ये लिनक्स 'डेड' या अक्षरांनी सुरू होणारा पत्ता भरतो. तो ६४ बिटांच्या पत्त्यांच्या वैध रूपातच बसत नाही, म्हणून पेज फॉल्ट न येता तेराव्या क्रमांकाचा जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो. त्यात सीआर२ भरला जात नाही. तिथे दिसणारा आकडा आधीच्या कुठल्यातरी फॉल्टचा, शिळा असतो. चुकलेला पत्ता मग बाकीच्या रजिस्टरांत शोधायचा. ज्या रजिस्टरमध्ये 'डेड' दिसेल, त्यातून वाचणारी सूचना पाहायची.