घंटागाडी रोज यायला हवी का?

आजचा विषय कुणाला किरकोळ वाटेल, पण तो प्रत्येकाच्या दारातला आहे. नगरपालिकेने घरातला कचरा किती दिवसांनी उचलावा? रोज, दिवसाआड, की आठवड्यातून एकदा? आपली ही व्याख्यानं नागपूरला ऐकतात तशी इंदूर, बडोदा, बेळगावलाही ऐकतात. बहुतेकांची तक्रार एकच असते, की गाडी रोज येत नाही. ज्यांची मुलं इंग्लंडात आहेत, ते मात्र उलटं विचारतात. तिकडे पंधरा दिवसांतून एकदा कचरा नेतात, तरी गावं स्वच्छ दिसतात. मग आपल्यालाच रोज गाडी कशाला?

फौजेत ब्रीफिंग देताना निर्णय आधी सांगतात आणि कारणं नंतर. मीही तसंच करतो. ओला कचरा रोज उचलायला हवा, रविवार आणि सणवार धरून. डायपर, पॅड असा कचराही रोज, पण वेगळा. सुका कचरा आठवड्यातून दोनदा उचलला तरी पुरे. आणि ओला-सुका एकत्र असेल, तर रोज गाडी येऊनही निम्मं काम फुकट जातं. आता एकेक कारण बघू.

मुद्दा पहिला : माशीचं घड्याळ

कचरा किती दिवसांनी उचलायचा हे महापौर ठरवत नाहीत, ते माशी ठरवते. घरमाशी ओल्या, सडणाऱ्या पदार्थावर एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. उन्हाळ्यात ती एका दिवसात फुटतात. अळ्या चार-पाच दिवस कचऱ्यातच खातात, वाढतात आणि मग कोष करायला कोरडी जागा शोधत कचऱ्यातून बाहेर पडतात. अंड्यापासून उडणाऱ्या माशीपर्यंतचा सगळा प्रवास गरम हवेत सात ते दहा दिवसांचा. थंड हवेत त्याला कितीतरी जास्त दिवस लागतात.

म्हणजे अळ्या डबा सोडून जायच्या आत कचरा हलायला हवा. आमच्या दिल्लीकडे मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तिथे आठवड्यातून एकदा कचरा उचलणं म्हणजे दर आठवड्याला माश्यांची एक पलटण तयार करून सोडणं. माश्यांबरोबर हगवण, कॉलरा, टायफॉईड येतात. बोअर युद्धात ब्रिटिश सैन्याचे जेवढे लोक लढाईत पडले, त्यापेक्षा जास्त रोगराईने गेले आणि त्यात टायफॉईडचा वाटा फार मोठा होता. म्हणून फौजेत तळ टाकताना लंगर कुठे, पाणी कुठे, शौचखड्डे कुठे आणि कचऱ्याचा खड्डा कुठे हे एकदमच ठरतं. कचऱ्यावर रोजच्या रोज माती पडली की नाही, हे रोज तपासलं जातं.

कुणी म्हणेल, अळीला चार दिवस लागतात, तर तीन दिवसांनी उचला. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गाडीत कचरा गेला म्हणून माशीचं घड्याळ थांबत नाही. दिल्लीत गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची एक बांधलेली खोली असते, तिला ढलाव म्हणतात. दारातला कचरा आधी ढलावात जातो, तिथून मोठ्या गाडीत, मग पुढे. घरात तीन दिवस आणि ढलावात दोन दिवस मिळून पाच दिवस झाले. म्हणून दिवस मोजायचे ते स्वयंपाकघरापासून खताच्या खड्ड्यापर्यंत. हा सगळा प्रवास दोन-तीन दिवसांत संपवायचा असेल, तर दारातून रोज उचलण्याला पर्याय नाही.

शिवाय आपल्या घरात जागा किती? दोन खोल्यांत चार-पाच माणसं राहतात, तिथे भाताचं पाणी आणि माशाचं काटं-खवलं तीन दिवस ठेवणार कुठे? गाडी आली नाही, तर दुसऱ्या दिवशी पिशवी रस्त्याच्या कडेला जाते. तिथे गाय येते, कुत्री येतात आणि पिशवी फुटते.

मुद्दा दुसरा : इंग्लंडचं गणित

इंग्लंडात पंधरा दिवसांतून एकदा नेतात, तो बहुतेक ठिकाणी उरलेला, पुनर्वापर न होणारा कचरा असतो. वेल्समधल्या कॉनवी भागात तर २०१८पासून हा कचरा चार आठवड्यांतून एकदा उचलतात. पण तिथे अन्नाचा कचरा वेगळ्या झाकणबंद डब्यात ठेवतात आणि तो दर आठवड्याला नेतात. इंग्लंडच्या सरकारनेही घरोघरचा अन्नकचरा दर आठवड्याला वेगळा उचलण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत घातली.

म्हणजे थंड देशातही नियम तोच आहे. जे सडतं ते लवकर न्या, जे सडत नाही ते थांबू शकतं. हवा थंड म्हणून त्यांना आठवडा चालतो. आपल्याला एक दिवस. तेव्हा त्यांचं वेळापत्रक उचलून आणू नका, वेळापत्रकामागचा विचार आणा.

मुद्दा तिसरा : पैसा आणि गाड्या

आपल्याकडे पालिकेच्या कचऱ्यावरच्या खर्चातला फार मोठा भाग गोळा करण्यात आणि वाहून नेण्यात जातो. त्यावर प्रक्रिया करायला फार थोडं उरतं. म्हणून फेऱ्या कुठे वाचवता येतील, हा प्रश्न खरा आहे.

साधा हिशोब करू. शहरातल्या माणसाचा कचरा दिवसाला अर्धा किलोच्या आसपास धरा. चार माणसांच्या घराचे दोन किलो झाले. त्यातला साधारण निम्मा ओला, म्हणजे एक किलो. हा एक किलो रोज जायलाच हवा. उरलेल्यात कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, डबे, काच. धुऊन, कोरडं करून ठेवलं तर हे चार दिवस एका पिशवीत पडून राहतं. वास नाही, माशी नाही.

आता सुक्याची एक गाडी घ्या. सोमवारी आणि गुरुवारी ती पहिल्या वॉर्डात जाईल, मंगळवारी आणि शुक्रवारी दुसऱ्या, बुधवारी आणि शनिवारी तिसऱ्या. म्हणजे एका गाडीत तीन वॉर्ड होतात. वाचलेलं डिझेल आणि माणसं ओल्या कचऱ्याच्या रोजच्या फेरीला लावता येतात. हे नुसतं कागदावरचं नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये बंगळुरूला ‘दोन बादल्या, एक पिशवी’ ही पद्धत लावून दिली. हिरव्या बादलीत ओला, लाल बादलीत डायपर-पॅडसारखा कचरा आणि पिशवीत सुका. ओला रोज आणि सुका आठवड्यातून दोनदा, असं तिथलं वेळापत्रक आखलं गेलं.

पण ओला-सुका एकत्र टाकला की हा हिशोब कोसळतो. पुठ्ठ्यावर आमटी सांडली की पुठ्ठाही ओला कचरा होतो. मग दोनही किलो रोज उचलावे लागतात, गाड्या दुप्पट लागतात आणि शेवटी त्या मालाचं ना खत होतं, ना भंगारात भाव येतो.

मुद्दा चौथा : गाझीपूर

तो एकत्र माल जातो कुठे? दिल्लीच्या पूर्व टोकाला, माझ्या नोएडाहून जवळच, गाझीपूरचा कचराडोंगर आहे. १९८४ मध्ये तिथे कचरा टाकायला सुरुवात झाली. २००२ मध्येच ती जागा भरली. तरी गाड्या येत राहिल्या, कारण दुसरी जागा नव्हती. २०१९च्या सुमारास त्याची उंची ६५ मीटरच्या घरात गेली होती. कुतुबमिनार ७३ मीटरचा आहे. १ सप्टेंबर २०१७ रोजी डोंगराचा एक भाग घसरला, रस्त्यावरची वाहनं शेजारच्या कालव्यात ढकलली गेली आणि दोन जणांचा जीव गेला. एप्रिल २०२४ मध्ये तिथे मोठी आग लागली. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये भलस्वाचा डोंगर पेटला होता.

ही आग का लागते? ओला कचरा ढिगाखाली हवेविना सडतो आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. वर प्लॅस्टिक आणि कापड असतं. उन्हाळ्यात एक ठिणगी पुरते. म्हणजे आपल्या घरातली सालं आणि आपल्याच घरातली पिशवी तिथे एकमेकांना भेटतात. तो धूर त्या डोंगराशेजारी राहणारी माणसं श्वासातून घेतात. आपल्या दारातून कचरा रोज गेला, म्हणून आपली गल्ली स्वच्छ दिसली. पण तो एकत्रच गेला असेल, तर आपण घाण दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवली, एवढंच झालं.

उलटं उदाहरण इंदूरचं घ्या. तिथे घरोघरी रोज गाडी जाते आणि गाडीतच वेगवेगळे कप्पे आहेत. ओला वेगळा येतो, म्हणूनच फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करणारा प्रकल्प तिथे उभा राहिला. २०१७पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सलग सात वेळा पहिलं आलं. सातव्या वेळी त्याच्याबरोबर पहिल्या जागेवर सुरतही होतं. हेच ते सुरत, जिथे सप्टेंबर १९९४ मध्ये पुराच्या चिखलानंतर प्लेग आला आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यानंतर १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवून सफाईची घडी बसवली. सुरतचं हवामान बदललं नव्हतं, लोकही तेच होते. बदललं ते रोजचं काम आणि त्यावरची देखरेख.

मुद्दा पाचवा : उचलणारा माणूस

वेळापत्रक कितीही चांगलं आखा, ते पाळणारा माणूस उपाशी असेल तर ते भिंतीवरच राहतं. जून २०१५ मध्ये पूर्व दिल्लीतल्या सफाई कामगारांनी थकलेल्या पगारासाठी काम बंद केलं. ऐन उन्हाळ्यात रस्तोरस्ती ढीग साचले. शेवटी प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा पैसे सुटले. रोजच्या सेवेची पहिली अट ठरलेल्या तारखेला पगार, ही आहे.

दिल्ली आणि आसपासच्या शहरांत अनेक भागांत दारातून कचरा नेणारा माणूस पालिकेचा नसतोच. त्याची कमाई घरटी मिळणाऱ्या थोड्या पैशांवर आणि सुक्या कचऱ्यातल्या भंगारावर चालते. उद्या पालिकेने सुक्याची गाडी सुरू केली आणि त्याला वगळलं, तर त्याची चूल विझेल आणि ओल्याची रोजची फेरीही बंद पडेल. पुण्याने यावर एक वाट काढली. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. पुणे महापालिकेशी करार करून तिचे सभासद दारोदार जातात, घराकडून महिन्याचं शुल्क घेतात आणि सुक्यातून विकलेल्या मालाचे पैसे स्वतःकडे ठेवतात. कचरा वेगळा करून दिला की आपलं घर स्वच्छ राहतं आणि त्यांच्या हातात चार पैसे जास्त पडतात. आणि उष्टं-खरकटं, वापरलेलं पॅड उघड्या हातांनी निवडायची वेळ त्यांच्यावर येत नाही. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं.

मग आपण काय करायचं?

२०१६च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करून देणं प्रत्येक घरावर बंधनकारक केलं आणि दारातून उचलणं स्थानिक संस्थेवर. त्याच नियमांत भाजी, फळं, मासळी, मटण बाजारातला कचरा रोजच्या रोज उचलायचा, असं स्पष्ट म्हटलं होतं. बाजारात जे सडतं तेच आपल्या ओट्याखालच्या डब्यात सडतं. म्हणून नगरसेवकाला किंवा सोसायटीच्या कमिटीला भेटाल, तेव्हा ‘गाडी रोज पाठवा’ एवढंच म्हणून थांबू नका. चार प्रश्न विचारा.

ओला कचरा आमच्या दारातून निघाल्यावर किती तासांत खताच्या किंवा गॅसच्या ठिकाणी पोहोचतो? सुक्याच्या गाडीचे दोन वार कोणते आणि वेळ काय? रविवारी आणि दिवाळीत ओला कोण उचलणार? पहारा बदलत राहतो पण चौकी रिकामी राहत नाही, तशी साप्ताहिक सुट्टी पाळीपाळीने द्यायला काय हरकत आहे? आणि चौथा प्रश्न, कामगारांचा मागच्या महिन्याचा पगार झाला का?

गाडीची वेळ ठरलेली असणंही फेऱ्यांच्या संख्येइतकंच मोलाचं आहे. रोज कधीतरी येणाऱ्या गाडीसाठी कुणी डबा घेऊन थांबत नाही, आणि मग डबा कोपऱ्यावर रिकामा होतो. रोज सकाळी साडेसातला येणाऱ्या गाडीसाठी सगळी गल्ली तयार असते.

आपल्या वाट्याचं काम त्याहून सोपं आहे. ओट्याखाली दोन डबे ठेवा. ओल्याच्या तळाशी वर्तमानपत्राची घडी घाला. दुधाची पिशवी धुऊन सुक्यात टाका. पॅड-डायपर कागदात गुंडाळून वेगळं द्या. आठवडाभर करून बघा, मग ओट्यावर माश्या किती उरल्या ते मोजा आणि कमिटीच्या बैठकीत तो आकडा सांगा. तिथे तक्रारीपेक्षा आकड्याचं वजन जास्त पडतं.

पुढच्या भागात सोसायटीच्या आवारात वास न येता खत कसं करायचं, ते बघू. तोपर्यंत नमस्कार. जय हिंद.