बोट दाबावे कधी, उचलावे कधी?

हल्ली संध्याकाळ झाली की घराघरांतून एक आवाज ऐकू येतो. तड्‌तड्‌तड्‌! मुलाच्या हातातील मोबाईलवर बंदूक चाललेली असते आणि इकडे आईचा आवाज चढलेला असतो. आमचे घरही याला अपवाद नाही. आमचा मुलगा दहावीत आहे आणि 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' हा त्याचा आवडता खेळ आहे.

एके दिवशी आम्ही रागाने फोन काढून घेतला. तेव्हा तो रडवेला होऊन म्हणाला, "बाबा, मी तसाही मेलोच होतो. ऑटोवर ठेवली होती, गोळ्या संपल्या." ऑटो म्हणजे काय, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ज्या गोष्टीवरून आपण रोज ओरडतो ती नेमकी काय आहे हेच आपल्याला माहीत नसावे, याची आम्हांला लाज वाटली. फोन परत देऊन आम्ही त्याच्याशेजारी बसलो. त्याने जे समजावून सांगितले, ते पालकांच्या माहितीसाठी येथे देत आहोत.

या खेळात एका बेटावर शंभर खेळाडू उतरतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. बंदूक चालविण्याच्या तीन तऱ्हा असतात. सिंगल म्हणजे एकदा बोट दाबले की एकच गोळी. बर्स्ट म्हणजे एका दाबात ठराविक, बहुधा तीन गोळ्या. ऑटो म्हणजे बोट उचलेपर्यंत गोळ्यांचा पाऊस. प्रत्येक बंदुकीत तिन्ही तऱ्हा नसतात. एम४१६ मध्ये सिंगल आणि ऑटो आहे, तर एम१६ए४ मध्ये सिंगल आणि बर्स्ट.

मग कायम ऑटोच का ठेवू नये? नवख्या मुलाला तसेच वाटते. परंतु प्रत्येक गोळीबरोबर बंदुकीला झटका बसतो आणि नळी वर जाते. पहिल्या दोन-तीन गोळ्या नेमावर लागतात, पुढच्या शत्रूच्या डोक्यावरून निघून जातात. नळी खाली ठेवण्यासाठी बोट पडद्यावर सतत खाली ओढावे लागते. एम४१६ च्या तीस गोळ्या तीन सेकंदांच्या आत संपतात. नवे मॅगझिन भरेपर्यंत खेळाडू निःशस्त्र! शिवाय गोळीबाराची खूण आसपासच्या खेळाडूंना नकाशावर दिसते, ती वेगळीच.

म्हणून जाणते खेळाडू अंतर पाहून तऱ्हा निवडतात. खोलीत किंवा जिन्यात शत्रू समोरासमोर आला तर ऑटो, कारण तेथे नेम धरायला वेळच नसतो. मध्यम अंतरावर बर्स्ट. बर्स्ट नसेल तर ऑटोवरच ठेवून तीन-चार गोळ्या झाल्या की बोट उचलायचे, नळी स्थिर होऊ द्यायची आणि पुन्हा दाबायचे. लांबच्या शत्रूसाठी दुर्बीण लावून सिंगल. एका गोळीचा मार तिन्ही तऱ्हांत सारखाच. फरक पडतो तो किती गोळ्या लागतात याने.

हा प्रश्न खऱ्या सैन्यालाही सुटलेला नाही. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैनिकांनी एम१६ रायफल ऑटोवर ठेवून फार गोळ्या वाया घालवल्या. म्हणून 1980 च्या दशकात आलेल्या एम१६ए२ मध्ये ऑटो काढून तीन गोळ्यांचा बर्स्ट दिला गेला. आपल्या सेनेत 1990 च्या दशकात आलेल्या इन्सास रायफलीतही सिंगल आणि तीन गोळ्यांचा बर्स्ट होता. पुढे अमेरिकन सेनेने एम४ए१ घेऊन पुन्हा ऑटोच स्वीकारला. म्हणजे यंत्राने घातलेला लगाम पुरेसा नसतो; बोट उचलायचे शिकावेच लागते.

हेच घरालाही लागू आहे, असे आम्हांस वाटते. हा खेळ 2022 मध्ये आपल्या देशात बंद झाला होता. 2023 मध्ये तो परत आला तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. पण दहावीच्या मुलाला तीन तास म्हणजे सगळी संध्याकाळच! आम्ही आता मिनिटे मोजत नाही, डाव मोजतो. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा असतो. अभ्यास झाल्यावर एकच डाव, पण तो अर्ध्यात तोडायला लावायचा नाही. कारण मध्येच उठले तर सोबतचे तिघे उघडे पडतात, हे आता आम्हांलाही कळते.

परवा त्याच्याशेजारी बसलो असता दूर टेकडीवर एक शत्रू दिसला. मुलाने बोट दाबलेच नाही. "का रे, सिंगल लाव ना," आम्ही म्हणालो. तो म्हणाला, "नको बाबा. फार लांब आहे. चुकली तर त्याला आपली जागा कळेल."

थोड्या वेळाने डाव संपला. आम्ही काही बोलण्याआधीच त्याने फोन आईच्या हाती दिला.